रुमालाखाली

नखांखाली बारीक तांबड्या रेघा होत्या,
कुसळ रुतल्यासारख्या.
मी म्हटलं, मिरचीच असेल.
पौषात आमच्या घरात सगळंच मिरचीचं असतं :
उशीचा अभ्रा, नोटा, मुलीच्या वहीची पानं,
ह्यांचा खोकला.

ताप संध्याकाळी यायचा.
सकाळी उतरला की हे निघालेच पथारीवर,
नंदुरबारबाहेर, जिथे जमीनच लाल होऊन वाळत पडते.
गोळी, सलाईन, परत गोळी.
एक म्हणाला मलेरिया, दुसरा टायफॉईड,
तिसरा नुसतंच, "सीझन आहे."
दिवाळीनंतर दाढ काढली होती.
कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.
दाढेचा आणि काळजाचा काय संबंध?

लहानपणी ह्यांचे गुडघे सुजायचे.
सासूबाई सांगायच्या, दर एकवीस दिवसांनी सुई,
जाताना एस.टी.त रडणं, येताना पुडीतली शेव.
अठराव्या वर्षी सुया सुटल्या.
सुईचा वार आणि लिलावाचा वार एकच आला,
मग कोण जातं?

चार हजार दोनशे.
चार हजार तीनशे.
आणि पुढचा आकडा आलाच नाही.
लोकांना वाटलं, भाव चढवायला थांबलेत.
एकाने शंभर वाढवलेही.
मग उजव्या हातातली चिठ्ठी गळाली,
मग हे.

दोंडाईच्याच्या फाटकात गाडी अडली.
मालगाडी होती. मी डबे मोजले, अठ्ठावन्न,
दुसरं काही सुचत नव्हतं.

धुळ्याचा डॉक्टर पोरगेलासा,
कागदाच्या पाठीवर त्याने काळीज काढून दाखवलं.
झडपेवर जंतूंचा घोस धरला होता, म्हणाला.
त्यातला तुकडा सुटला, रक्तातून वर गेला,
मेंदूत अडकला.
झडप मला घारीचीच माहीत.
अंगणात पिलं सोडली की आभाळाकडे बघायचं,
एवढंच आम्हाला शिकवलेलं.
ही आतच बसली होती, चाळीस वर्षं.

गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही,
आत रक्त फुटेल.
सहा आठवडे शिरेतून औषध,
झडप बदलायची का ते मग बघू.
"रतिलालभाऊ, जीभ दाखवा," सिस्टर ओरडून सांगते,
जसं काही कान गेलेत.
ज्या गळ्याने तीनशे माणसांना गप्प केलं
त्यातून "हा" निघतो. फक्त "हा".
पाण्यालाही हा, देवालाही हा.

तिसऱ्या आठवड्यात सुपडू मापाडी आला,
कपड्यांत मिरची घेऊन.
सगळा वॉर्ड शिंकला. सिस्टर चिडली.
रुमालाखालचा सौदा बंद होऊन किती वर्षं झाली,
पण हे दोघं चहाच्या पैशांवरूनही
उपरण्याखाली बोटं दाबून भांडायचे.
सुपडू काही बोलला नाही.
चादरीखाली हात घातला.
ह्यांचा डावा तेवढाच जिवंत,
उलट्या हाताचा हिशेब लावायला त्याला वेळ लागला.
कपाळावर आठ्या, मग ओठ हलले,
मग तो असा हसला की डोळे पुसावे लागले.

मी म्हटलं, काय म्हनस?
"म्हनस, माल वल्ला से.
भाव पाडीसन सांग."

त्या रात्री मीही हात घातला.
वीस वर्षं ह्या हाताला जेवण वाढलं,
त्याची भाषा कधी विचारली नाही.
चार बोटं दाबली. थांबले.
एक दाबलं. मग अख्खी मूठ, घट्ट,
बराच वेळ.
तहान असेल. मुलीची फी असेल.
मी काही न कळता हो म्हटलं.

सकाळी फोन करून सुपडूला विचारलं,
चार, मग एक, मग मूठ म्हणजे कितीला?
पलीकडे चाळणीचा आवाज येत होता.
"असा भाव नही ऱ्हास, वहिनी,"
तो म्हणाला.