पाण्याची पाळी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
नळाला आज चौथा दिवस.
टँकरवाला म्हणाला, संध्याकाळी बघू.
कूलंटच्या टाकीत तळाला उरलंय
दुधाळ, आंबूस, बोटभर.

पाणी नसलं की पोलाद बोलतं.
आधी किंचाळतं,
मग शाफ्टच्या पाठीवर उठतो चट्टा :
पिवळा, जांभळा, शेवटी निळा.
शेठ विचारतात, हा नग कुणी जाळला?
बहुतेक वेळा मीच.

मैनुद्दीन मिस्त्रींनी कपाटातून डबा काढला,
डालड्याचा, झाकण चेपलेलं.
आत बोटाएवढ्या काळ्या कांड्या,
मेणात वळलेलं ग्रॅफाइट.
"पेन्सिलीतलं शिसं बे हे.
शाळा सोडलास, तरी पेन्सिल काही सुटंना तुला."

फिरत्या चाकाला त्यांनी कांडी टेकवली,
डोळ्यात काजळ घालावं इतक्या हलक्या हातानं.
"चाटी गल्लीत चादरीची थप्पी बघितलास का?
मधली एक ओढ.
वरची सरकतेय, खालची सरकतेय,
फाटत कुठलीच नाही.
आत असंच आहे याचं. थरावर थर."

मग आवाज उतरला.
लांब उडणाऱ्या ठिणग्या आखूड झाल्या,
शेजारच्या शेडमधला रेडिओ
सकाळपासून पहिल्यांदा ऐकू आला.
नग काढून मी मनगटाला लावला :
दुरडीतल्या भाकरीएवढा गरम.
सोसण्यासारखा.

हा शाफ्ट उद्या जाईल
पूर्व भागातल्या कुठल्यातरी मागाला.
तसल्याच मागावर माझ्या बापाचे
पगारातले पैसे कापले जायचे,
पांढऱ्या टॉवेलवर तेलाचा एक थेंब पडला म्हणून.
तो तेल कमी घालायचा मग.
माग रात्रभर कण्हायचा,
आणि घरी आल्यावर तोही.

बावीस नग झाले. एक निळा पडलाच,
कांडी फिरवायला विसरलो मी.
तो कपाटामागे आहे.
मिस्त्रींनी बघितलं,
आणि हात पुसायला लागले.

घरी साबण होता, पाणी नव्हतं.
अनसूया म्हणाली, कशालाच हात लावू नका.
उंबऱ्याशी उभा राहून विचारलं,
पाणी कधी येणार?
"रविवारी. पहाटे तीनला, म्हणतायत."

दारामागच्या चुन्याच्या भिंतीवर
मी बोटानंच लिहिलं :
रवि, ३.
अक्षर माझं पहिल्यापासून वाईट.
पण बोट कुठं अडखळलं नाही.