उपाशीपोटी

फहाहीलच्या दवाखान्यात सकाळी सहाला
पहिली खुर्ची इस्माईल परकारांची.
गाव दाभोळच्या पलीकडे, वय एक्केचाळीस,
रिफायनरीच्या टाक्या साफ करणाऱ्या टोळीत नोकरी.
होती.

बाही वर सारताना दर वेळी तेच म्हणतात,
"ताई, मी गोड खात नाय.
चायपण फिकी. मग ही साखर कुठना येते?"

माझ्याकडे उत्तर आहे ते छापील:
उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस.
कमरेचा पट्टा दोन वर्षांत
शेवटच्या भोकावर आला.

डॉक्टर हालांनी चार कुप्या दिल्या होत्या.
कापसाचा बोळा चघळायचा, लाळ भरायची,
उठल्याबरोबर, दुपारी, झोपताना,
आणि रात्री दचकून जाग येईल तेव्हा.
तीन भरून आणल्या. चौथी कोरडी.
चिठ्ठीवर वेळ मात्र ठळक अक्षरात, ३.१०.
तोंडचं पाणी पळालं म्हणतो आपण,
ते इतकं शब्दशः मी पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं होतं, कॉर्टिसॉल आभाळाला टेकलं असेल.
सकाळचा आकडा उलट कमी निघाला.
डॉक्टर म्हणाल्या, असंही होतं पुष्कळांचं,
त्याला आवरणारा हात जरा जास्तच घट्ट होतो.
अ‍ॅड्रेनलिनला मात्र कुणी आवरत नाही.

मी परकारांना माझ्या पद्धतीनं सांगितलं.
काळीज म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो,
पण खाटकाकडे मागा, तो काय देतो?
ते हसले. "कलेजी."
तेच. तिथे कोठार आहे.
तुमचा भात, तुमचा खुबूस
अडीनडीला म्हणून तिथे रचून ठेवलेला.
रात्री तीनला आत कुणीतरी ओरडतं, पळा!
कोठावळा विचारत नाही कोण, कुठे, कशाला,
कुलूप काढतो, पोती रस्त्यावर ओततो.
आणि पळायचं कुठे? सहा बंक, एक दार,
डोक्यावर एसीची घरघर.
तुम्ही पडून राहता.
साखर रक्तात हिंडत राहते,
इन्शुलिन दारोदार कड्या वाजवतं,
रोजच्या खोट्या हाकांना विटलेल्या पेशी
आतून ओ देत नाहीत.
शेवटी ते सगळं पोटावर येऊन बसतं.

ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "पळायचं नव्हतंच ना मला.
माझं काम मॅनहोलशी बसायचं, दोरी धरून.
आतून एक हिसका म्हणजे ठीक,
दोन म्हणजे ओढ.
तेजबहादूरनं एकपण दिला नाय.
मी दोनदा हलवली दोरी.
वाटलं, कामात असेल."

फॉर्मवर प्रश्न असतो: काल रात्रीपासून काही खाल्लं?
मी 'नाही'वर खूण केली.
धास्ती खाल्ली, असं आपल्या भाषेत म्हणतात,
पण त्याला चौकोन नाही.

रबरी पट्टा दंडाला बांधला.
त्याचं लोंबतं टोक त्यांनी दुसऱ्या हातात धरलं,
नकळत असेल.
शीर छान वर आली. नळी भरली.
सुई काढायच्या आधी पट्टा सोडायचा असतो,
नाहीतर हात काळानिळा पडतो.
टोक सुटेना.
काचेबाहेर शमालची धूळ,
रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते.

मी पट्टा हलकेच ओढला,
एकदाच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मग मूठ उघडली, एकेक बोट,
करंगळी सगळ्यात शेवटी.

दुपारी अहवाल आला.
एकशे एक्कावन्न.
फोन उचलून मी परत ठेवला,
आधी चहा घेतला, बिनसाखरेचा.