तांब्याचं कडं

पंचवीस वर्षं झाली शिरोलीच्या भंगारात.
लोखंड घेतलं की हातच सांगतो:
हे बीड, हे पोलाद, ही कमानीची पट्टी,
हा कुठल्याशा गुऱ्हाळाच्या चरकाचा दात.
पितळ तर मी वासावर ओळखतो.
(कोल्हापूरची बाई हाय, ‘ओळखतो’च म्हणणार.)

त्या मंगळवारी ट्रक आला. कुठला, कुणास ठाऊक,
भंगाराला गाव नसतंय.
ढीग ओतला, धूळ बसली,
आणि पायथ्याशी, मातीत अर्धं रुतून,
वरवंट्यासारखं ते.
निमुळतं. गंजाचे पापुद्रे सुटलेले.
कमरेला हिरवं पडलेलं तांब्याचं कडं.

हात पुढं गेला होता माझा.
मग मागं आला. का, ते सांगता येत न्हाई.
बहुतेक माहेरच्या गाईमुळं.
कुणी डुकरासाठी रानात ठेवलेला गोळा
तिनं पेंड समजून चावला होता.
जबडा नसलेली गाय
दिवस मावळेपर्यंत डोळ्यांनी पाणी मागत होती.

तवर हैदर हातोडा घेऊन आलाच.
एकोणीस वर्षांचं पोर, तांब्याचा भाव तोंडपाठ.
“मावशी, सरका. कडं काढतो, अर्धं तुमचं.”
ओरडलो न्हाई.
ओरडलं की माणूस दचकतो, हातातलं टाकतो.
हळूच म्हटलं,
“हातोडा घट्ट धर आणि मागं ये, लेका.
आलास त्याच पावलांवरनं.
पाणी मारू नको, पोतं टाकू नको,
पायानं सरकवू नको, फोटो तर काढूच नको.”
“जुनं हाय की हे. मेलंय कवाच.”
“तुला सांगून मेलंय काय?”

वर रामप्रवेशच्या क्रेनचा चुंबक
रिकामा, ढिगाकडं झुलत निघालेला.
त्याला मराठी येत न्हाई, मला त्याची बोली.
दोन्ही हात वर केले.
चुंबक थांबला,
मग हळूहळू दुसऱ्या अंगाला गेला,
आणि रामप्रवेश शिडी न मोजता खाली.

रस्त्यापलीकडं, भिंतीच्या आडोशाला,
चहाच्या गाड्यावरनं एकशे बारा लावला.
फाटकाच्या आत कुणाला फोन काढू दिला न्हाई.
जिनगोंडाशेठ म्हणाले, “तानूबाई, भट्टी तापलीया,
हीट वाया जाईल, लाखाचा घाटा.”
म्हटलं, “मोजा की. माणसंबी मोजा.”
सव्वीस होतो.
शेठनी दोनदा मोजलं.

मग बघे जमले.
रील करणारं एक पोर पत्र्यावर चढलं,
त्याला उतरवायला चौघं लागले.
दोन तास झाले. तिसराही झाला.
कुणी म्हणे लढाईतला, कुणी म्हणे सरावाचा,
कुणी म्हणे निव्वळ नळी, कशाला दुपार घालवली.
मी गप्प.
पंचवीस वर्षांत पहिली वस्तू,
जिचं वजन माझ्या हाताला ठाऊक न्हाई.

पथकातला माणूस जाडजूड अंगरख्यात
एकटाच चालत आत गेला.
वाळूची पोती गेली.
नंतर इतकं शांत झालं
की गाड्यावर दूध उतू गेलं ते सगळ्यांनी ऐकलं,
आणि गॅस बंद करायला कुणी उठलं न्हाई.

ते काय होतं, आम्हाला सांगितलं न्हाई.
टोप काढला तेव्हा त्याचे केस पाण्यातनं काढल्यागत ओले.
चहा घेतला, एवढंच बोलला,
“गंज बाहेरनं खातो, मावशी.
आत काय शिल्लक हाय, ते आम्हीबी हातानं बघत न्हाई.”

शनिवारी पगार. शेठनी अर्धा दिवस कापला,
सगळ्यांचाच, माझाही.
हैदर भांडला माझ्यासाठी,
मोठमोठ्यानं, टेबल बडवत,
दोन्ही हात नाचवत.

काय म्हणाला, मी ऐकलंच न्हाई.
हात बघत होतो.