चार भोकं

जाऊबाईच्या ओटीपोटावर वीतभर आडवा व्रण,
ओहोटीनंतर पुळणीवर उरते तशी रेघ.
माझ्या पोटावर चार भोकं,
त्यातलं एक बेंबीत लपलेलं.

दुखणं दोघींचं एकच.
बाळंतपणं, रापणीचा दोर, डोक्यावर बांगड्यांची पाटी,
मग अंग खाली.
खोकलं की कळायचं, उकिडवं बसलं की कळायचं.
हाताने आत सारायचं, कासोटा आवळायचा
आणि लिलावात बोली लावायला उभं राहायचं.
मी बारा वर्षं काढली.
तिने किती, ते ती सांगत नाही.

कुडाळात साटमबाईंनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं:
ही पिशवी, हे कण्याखालचं हाड,
दोन्हींना बांधायची ही जाळी.
जाळी म्हटल्यावर मी खुर्ची पुढे ओढली.
केवढ्या आसाची? गाठ कुठली मारता?
बाई हसल्या नाहीत.
सलाइनच्या नळीवर गाठ मारून दाखवली.

उघडून करा की दुर्बिणीने, आतली शिवण तीच, म्हणाल्या.
दुर्बिणीला टेबलावर वेळ जास्त,
पण रक्त कमी जातं, घरी लवकर.
उघडलं तर हात थेट पोचतो, जखम मात्र रेंगाळते.
टिकेल का?
बहुतेक. शब्द देत नाही.
असं बोलणारं माणूस मी बंदरावर पाहिलं नव्हतं.

पोटात वारा भरला होता, शिडात भरावा तसा.
तो दोन दिवस खांद्यात येऊन बसला.
तिसऱ्या दिवशी मी घरी,
आणि तिथेच फसले.

जाऊबाई आली होती भिंत धरून, वाकून;
तीन महिने तिला कोणी कळशी उचलू दिली नाही.
मी एसटीतून उतरून चालत आले.
सासू म्हणाली, डास चावले काय गो?
नवऱ्याने भरली पाटी दारात ठेवली.
वजन उचलायचं नाही, तीन महिने:
कागदावर दोघींना हेच लिहिलेलं.
पण कागद काही पोटावर दिसत नाही.

जाऊबाई ओट्यावर सोडे निवडत होती.
उठली, हात झटकले.
"माका फाडलानी, हिका टोचलानी.
भुतूर शिवलेला तेवढाच आसा."
आणि पाटी पायाने
परत त्याच्याकडे सारली.

दुपारपर्यंत बांगडे तिथेच.
मांजराने दोन नेले.
मी पडल्या पडल्या बघत होते,
हाकललं नाही.