दगड हलवले

समुद्र चोर्ल्याच्या खाली राहिला.
इथं टिळकवाडीत, तिसऱ्या मजल्यावर
मी बादलीत मीठ कालवतो, काटा बघतो.

शहापूरचा बसय्या म्हणाला, अर्धं कानडीत:
ट्रिगर आधी आणलास, तिथंच चुकलास.
आता टाकी त्याची.
त्याच्या अंगकाठीचा नको, त्याच्या रंगाचा तर नकोच,
परक्यापेक्षा सारख्याला जास्त फाडतो.
कोळंबी? ती सोबत नव्हे, जेवण.
ईल बघ. कपारीत बसतो, उलट बोलत नाही.

आणि सोडायच्या आधी दगड हलव.
सगळे.
आपली हद्द कुठली, हे त्याला आठवता कामा नये.

रात्री दिवा मालवून कोपरापर्यंत हात घातला.
तीन वर्षं त्याची असलेली गुहा
डावीकडून उजवीकडे.
त्यानं अंगठा फोडला. मीठ झोंबत राहिलं.

सकाळी तो जुन्या जागी
रिकाम्या पाण्याला धडका देत होता.
ईलचं नुसतं तोंड, हीटरमागं.

मालू चहा घेऊन आली.
भांडूलालेत काय?

अजून नाही, म्हटलं.
मोजूलालेत.