तीस सफर

जुबैलात दोन कंपन्यांची एक कंपनी झाली.
फाटकावरची पाटी एका रात्रीत बदलली,
माणसांच्या याद्या मात्र माझ्या टेबलावर आल्या.
आमची एक, त्यांची एक. एकीखाली एक लावायची.
युनियन हा शब्द इथे
माझ्या क्वेरीत तेवढा चालतो.
तिथेही चालेना:
पाचव्या रकान्याची जात जुळत नाही.

रुजू दिनांक.
आमच्याकडे तारीख ही तारीख,
त्यांच्याकडे नुसती अक्षरं, कुणीतरी टंकलेली.
मी सोपी वाट धरली. आमच्याही तारखांची अक्षरं केली
आणि सगळे मुकाट एका रांगेत उभे राहिले.
पण ग्रॅच्युइटीला वजाबाकी लागते,
अक्षरांतून अक्षरं वजा होत नाहीत.

मग उलटं. अक्षरांना म्हटलं, तारीख व्हा.
त्यांचे सहाशे अकरा झाले.
एक ओळ अडून बसली.
दाऊद सरगुरोह, स्कॅफोल्डर,
१४३१, दोन, तीस.

तीस फेब्रुवारी! हसू आलं.
बोट घसरलं असेल कुणाचं, अठ्ठावीस करून टाकू.
मागे अब्देलमोनिम, आमचा सुदानी हिशेबनीस, चहा ढवळत उभा.
घसरलं नाही, म्हणाला,
दुसरा महिना म्हणजे सफर.
त्या वर्षी सफर तीस दिवसांचा होता.

तेव्हा कुठे पाहिलं
बाकीचे सहाशे अकरा कुठे जाऊन बसलेत ते.
इसवी सनाच्या पंधराव्या शतकात.
प्रत्येकाची पाचशे ऐंशी-नव्वद वर्षं नोकरी,
आणि एकाचीही तक्रार नाही.

दुपारभर चंद्राची वर्षं सूर्याच्या वर्षांत बसवली.
बाहेर शमालने यार्डातल्या क्रेन पुसून टाकलेल्या.
संध्याकाळी दाऊदला फोन लावला, खात्रीसाठी.
तारीख? नाय आठवत, साहेब.
रविवार होता. बूट दिले नऊ नंबरचे, पाय माझा सात.
दोन-दोन मोजे घालून चढलो.

कॅलेंडर मागे नेलं.
चौदा फेब्रुवारी, दोन हजार दहा.
रविवार.

याद्या जुळल्या. पण शेवटी
एक रकाना जास्तीचा ठेवला, नुसत्या अक्षरांचा.
त्यात त्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं.
कुणी विचारलं तर म्हणेन,
जागा फारशी लागत नाही.