एकास चोवीस

व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी मी कधी तशीच फेकत नाही.
आधी जुन्या वर्तमानपत्रावर पालथी करायची,
मग धुळीत बोट फिरवत बसायचं.
मोहरीएवढा नट निघतो,
कधी काचेचा वायपर, पापणीच्या केसासारखा.
आजवर पाच आरसे सापडलेत
आणि एक हेडलाइट.

ताइस्तोने एकतीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवले,
कुहमोच्या जंगलातून ओउलूच्या कागद गिरणीपर्यंत.
घरी आला, जेवला, की टेबलावर पुन्हा ट्रकच.
माझी आई म्हणायची,
खाटीक घरी येऊन मेणाच्या गाई करतो का गं?

माप एकास चोवीस. त्यात तो कुणाचं ऐकत नाही.
खरा ओंडका चार मीटर ऐंशी,
म्हणून बर्चची काडी वीस सेंटीमीटर, सालीसकट.
ओंडके आवळायला माझ्या गळ्यातली तुटलेली साखळी.
चिखल आमच्याच अंगणातला,
माझ्या पिठाच्या चाळणीतून चाळलेला
(चाळणी मी नवी आणली, ती वेगळ्या कपाटात).
रंग सुकतो सौनात, वरच्या बाकावर.
शनिवारी अंघोळीआधी ट्रक बाहेर काढायचे,
एकेक, दोन्ही तळव्यांवर धरून,
आणि तोवर आम्ही दोघं टॉवेल गुंडाळून उभे.

नवं कोरं त्याला चालत नाही.
सदतीस ट्रक, आणि प्रत्येकाला काहीतरी झालेलं आहे.
निळ्या सिसूचा डावा मडगार्ड चेपलाय,
कारण तो चेपला होता,
पुओलांकाच्या वळणावर, रेनडियर आडवं आलं तेव्हा.

कधी झोप नाही आली की मी हिशेब करते.
एकोणीस लाख किलोमीटर भागिले चोवीस:
तरी पृथ्वीभोवती जवळजवळ दोन फेऱ्या होतात.
लग्नाला एकोणपन्नास वर्षं भागिले चोवीस:
दोनदा भाग जातो, बाकी एक.
दोन वर्षं. तेवढाच तो घरी असेल, नीट मोजलं तर.
ते बाकीचं एक कुठे लिहायचं, कळत नाही.
थंडीला मात्र माप लागू होत नाही.
उणे अठ्ठावीस म्हणजे उणे अठ्ठावीसच,
खिडकीच्या आतही, बाहेरही.

परवा हिरव्या ट्रकचं हँडल पडलं.
त्याचे हात आता थरथरतात, चिमटा मीच धरते.
टॉर्च दातांत, भिंग डोळ्याला,
आणि केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर,
काहीतरी लाल दिसलं.
दार कधीच चिकटवून टाकलेलं. मी वाकून वाकून पाहिलं.
लोकरीचा गुंडा होता, मिरीएवढा.
त्यात खुपसलेल्या दोन सुया.

एक्क्याऐंशीची फेब्रुवारी.
आई ओउलूच्या इस्पितळात, बस रद्द.
त्याच्या ट्रकमध्ये मी बसले ती तेवढी एकदाच.
साडेचार तास विणत होते.
बोललो काय? "हीटर वाढवू का?" "नको."
पुढे काळोख, बर्फाचे खांब धरून उभी असलेली झाडं,
मागे चाळीस टन पाइन.

हे कधी केलंस, मी विचारलं.
आठवत नाही म्हणाला. शहाण्णव असेल.
पण दार चिकटवलंस, मग कोण बघणार होतं?
ब्रश पुसत म्हणाला, असायला हवं होतं ना तिथे.

अठ्ठावीस वर्षं मी त्या फळीवरची धूळ झटकतेय,
दर गुरुवारी, मऊ ब्रशने, आधी छत मग चाकं.

पण लोकर करडी होती.
मला पक्कं ठाऊक आहे, आईसाठीच मोजे विणत होते,
आईला लाल रंग सहन व्हायचा नाही.
लाल होती, तो म्हणतो.
करडी.
लाल. मी शेजारीच होतो, लाह्या.
तू रस्त्याकडे बघत होतास.
यावर तो काहीच बोलला नाही,
फक्त हँडलवर गोंदाचा थेंब ठेवायला खूण केली,
आणि मी श्वास रोखून चिमटा पुढे नेला,
आणि हँडल निसटून गालिच्यावर पडलं, कुठेतरी.

हलू नकोस, म्हणाला.
तूही.